हेस्टर स्विंडेलचे राहून गेलेले आभार

बँड दुपारी दोनला वाजणार होता आणि हेस्टर स्विंडेल साडेदहालाच बागेत येऊन बसली होती. आता काय म्हणावं या बाईला! पासष्ट वर्षांची, गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला, तरी रविवारचा चांगला निळा कोट घालून बँडस्टँडसमोरच्या तीन कापडी खुर्च्या अडवून बसलेली. कोणी जवळ आलं की म्हणायची, "जागा धरलीय हं." घरी आरशासमोर उभं राहून तिनं एकच वाक्य पाच वेळा म्हणून पाहिलं होतं. मिस्टर वॉर्डल, त्या वेळी तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. बस, एवढंच.

एवढं वाक्य म्हणायला माणसाला त्रेचाळीस वर्षं लागतात का? आमच्या थॉर्नवेलमध्ये लागतात. आमची माणसं हवेवर तासभर बोलतील, शेजाऱ्याच्या मांजरावर दोन तास बोलतील, पण मनातलं बोलायची वेळ आली की लगेच किटली ठेवायला आत पळतील. फार वाईट खोड आहे, आणि मी बोलतोय म्हणून मी त्यातून सुटलोय असं नाही.

पण आता पळायला जागा उरली नव्हती. अँब्रोज वॉर्डल एक्याण्णव वर्षांचे झाले होते. त्यांची मुलगी मॅरियन उद्या सोमवारी त्यांना कायमचं आपल्या घरी नेणार होती, पार खाली कॉर्नवॉलला. आज शेवटचा बँड ऐकायला ते बागेत येणार होते. आज बोलली नाही तर मग पत्र लिहायचं, आणि ते पत्र मॅरियन मोठ्यानं वाचून दाखवणार. ते हेस्टरला मुळीच नको होतं.

हेस्टरची आई झऱ्याशेजारच्या हॉटेलात चादरी धुवायची. गरम पाण्यात बसून सांधे मोकळे करायला लांबलांबून येणाऱ्या पाहुण्यांच्या चादरी. मुलीनंही तेच करावं असा सगळ्यांचा हिशेब होता. पण पोर रोज बागेच्या कठड्याला नाक लावून माळ्यांचं काम बघत उभी राहायची. एकविसाव्या वर्षी तिनं सरळ हेड माळ्याकडे, म्हणजे वॉर्डलसाहेबांकडे जाऊन नोकरी मागितली. बागेत तोवर बाईमाणूस फक्त चहाच्या खिडकीत असायचं. वॉर्डलनी तिचे हात उलटसुलट बघितले आणि म्हणाले, "उद्या सातला ये. नखं काप." बागेच्या कमिटीतले लोक पुष्कळ कुरकुरले. वॉर्डल बधले नाहीत.

बागेची शान म्हणजे बँडस्टँडसमोरचा गालिचा. उतरत्या वाफ्यात बोटभर उंचीची नऊ हजार रोपं, लाल, पिवळी, राखाडी पानांची, एकमेकांना चिकटून लावायची आणि त्यातून गावाचं चिन्ह उमटवायचं. वाफ्यावर फळी आडवी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं आणि हातभर तुकडा झाला की फळी पुढे सरकवायची. हे काम वॉर्डलनी तिला दीड वर्षात शिकवलं. शाबासकी एकदाही दिली नाही. काम बिघडलं तर म्हणायचे, "हं." जमलं तर काहीच म्हणायचे नाहीत.

आणि एक नियम. काचघरातलं नाजूक रोप जूनच्या दुसऱ्या रविवारच्या आत बाहेर जमिनीत जाणार नाही. आपण हजार फुटांवर राहतो. खालच्या सपाट मुलखात लोक मे महिन्यात बाह्या वर करून फिरतात, इथं त्याच आठवड्यात पाण्याच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरतो. हे थॉर्नवेलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

एकाहत्तर साली बागेला शंभर वर्षं होणार होती. बारा जूनला समारंभ. मे महिन्यात वॉर्डलचा भाऊ वारला आणि ते दहा दिवसांसाठी नॉरफोकला गेले. जाताना बाग हेस्टरवर सोपवून गेले. आणि त्याच दहा दिवसांत असं झकास ऊन पडलं की विचारू नका. म्हातारी माणसंसुद्धा स्वेटर काढून बसली. हेस्टरनं मनाशी विचार केला, नियमानं गेलं तर रोपं समारंभानंतर लागणार, शतकाच्या दिवशी उघडी माती दिसणार. साहेब परत येतील तेव्हा गालिचा तयार बघून काहीतरी म्हणतील. निदान एकदा तरी म्हणतील. बावीस वर्षांची पोर ती! तिनं माळ्यांना हाताशी धरून चार दिवसांत नऊ हजार रोपं बाहेर लावली.

एकोणतीस मेला पहाटे दंव गोठलं. सकाळी हेस्टर आली तेव्हा अख्खा गालिचा उकडलेल्या पालकासारखा काळा होऊन बसला होता. ती फळीवर बसून राहिली. रडणंसुद्धा सुचेना. त्याच सकाळच्या गाडीनं वॉर्डल परतले. बॅग हातात तशीच, वाफ्याच्या कडेला उभे राहिले. म्हणाले, "हं." मग कोट काढला आणि मेलेली रोपं उपटायला लागले.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. आणि मग आमच्या गावानं जे केलं ते आठवलं की आजही माझी मान ताठ होते. संध्याकाळी पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या दोन बायका खिडकीतले जिरेनियम कुंड्यांसकट घेऊन आल्या. मग खाटीक आला, मग शाळेच्या बाई. समारंभाच्या दिवशी तिथं गावाचं चिन्ह वगैरे काही नव्हतं, सातशे घरांतल्या सातशे रंगांच्या कुंड्या होत्या. बँडवाले म्हणाले, शंभर वर्षांत एवढा झकास वाफा झाला नाही. हेस्टरला प्रत्येक कुंडीपुढं डोकं टेकावंसं वाटत होतं.

पण कमिटी ती कमिटी. समारंभ होताच दोघांना बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "रोपं कोणाच्या सांगण्यावरून बाहेर गेली?" हेस्टरनं तोंड उघडलं. तेवढ्यात वॉर्डल म्हणाले, "माझ्या. जाताना मीच सांगून गेलो होतो. ऊन बघून मोह झाला." हेस्टर म्हणाली, "पण साहेब," तर त्यांनी तिच्याकडे न बघताच म्हटलं, "तू जा. रोपांचे ट्रे धुवायचे राहिलेत." आणि ती गेली. हेच तिला पुढं आयुष्यभर खात राहिलं, की ती गेली.

वॉर्डलचं हेड माळीपण काढून घेतलं. त्याच्याबरोबर फाटकाजवळचं दगडी घरही गेलं, ते हेड माळ्याचं घर असतं. महिन्याभरात ते, बायको नेल आणि छोटी मॅरियन टेकडीच्या माथ्यावरच्या घरात राहायला गेले, जिथं वारा दाराला धडका देत असतो. साध्या माळ्याच्या पगारावर त्यांनी पुढं चौदा वर्षं त्याच बागेत काम केलं. मधे दुसरा हेड माळी आला आणि गेला. चौऱ्याऐंशी साली त्या जागी हेस्टर आली. फाटकाजवळच्या घरात ती पुढं सव्वीस वर्षं राहिली. वॉर्डलचं नोकरीतलं शेवटचं वर्ष तिच्या हाताखाली गेलं. रोज सकाळी टोपीला हात लावून म्हणायचे, "गुड मॉर्निंग, मिस स्विंडेल." तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आभार मानायचा प्रयत्न तिनं केला नाही असं नाही. त्या दिवशीच केला, तर म्हणाले, "ट्रे धुतलेस?" त्यांच्या निवृत्तीच्या चहाला केला, तर गोगलगायींवर बोलत सुटले. नेलच्या दफनाच्या दिवशी हात हातात घेऊन म्हणाली, "मिस्टर वॉर्डल, मला तुम्हाला," तर म्हणाले, "पश्चिमेचं कुंपण या आठवड्यात छाटून घे." आता काय डोकं फोडून घ्यायचं?

दीड वाजता मॅरियन वडिलांची चाकाची खुर्ची ढकलत आली. मॅरियन पन्नाशीला टेकलेली, गप्पिष्ट, मनानं फार चांगली.

"अगं हेस्टर, किती छान जागा धरलीस! बाबा, बघा कोण आहे."

"आंधळा नाही मी अजून," म्हातारा म्हणाला. "स्विंडेल आहे. जाड झालीय."

"तुम्हीही काही काडी राहिला नाहीत," हेस्टर म्हणाली.

"आता फाटकातून येताना ते आपलं जुनं घर बघितलं," मॅरियन खुर्चीला ब्रेक लावता लावता बोलत होती. "मी सहा वर्षांची होते. ते घर सोडलं तेव्हा आई आठवडाभर रडत होती बघ. त्या फाटकानं कितीतरी वर्षं आली नाही ती, मागच्या बाजूनं यायची. का सोडलं ते मला कधी कोणी सांगितलंच नाही."

हेस्टरनं मान खाली घालून कोटाचं बटण उगाच काढलं आणि लावलं.

"मॅरियन," म्हातारा म्हणाला, "चहा आण. आणि केक. रांग मोठी असेल, असू दे."

मॅरियन गेली. बँडवाले पितळी वाद्यं पुसत होते. समोर गालिचा होता, नव्या पोरांनी लावलेला, डावीकडं जरा विस्कटलेला. हेस्टरनं श्वास घेतला.

"मिस्टर वॉर्डल."

"डावीकडं घसरलंय. फळी सरळ ठेवली नाही."

"मिस्टर वॉर्डल, गप्प बसा." स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली, पण आता थांबायचं नव्हतं. "त्रेचाळीस वर्षं तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. चूक माझी होती. मी तोंड बंद ठेवलं. तुमचं पद गेलं, घर गेलं, नेल रडली. आणि त्याच घरात मी मजेत राहिले."

म्हातारा म्हणाला, "घराचं मनाला लावून घेऊ नकोस. ओल होती तिथं. नेलच्या छातीला बाधत होती. आम्हाला सोडायचंच होतं."

हेस्टरचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला रागही आला, असा की विचारू नका.

"मी सव्वीस वर्षं राहिले आहे त्या घरात! कपाटातल्या पावाला बुरशी आली नाही कधी. खोटं बोलताय तुम्ही."

वॉर्डलनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. सुरकुत्यांतून हसू फुटलं.

"बोलतोय," ते म्हणाले. "बरं, ऐक. नेलला त्याच रात्री सगळं सांगितलं होतं मी. ती रडली, हे खरं. रडून झाल्यावर म्हणाली, त्या पोरीला काढलं तर पुन्हा शंभर वर्षं दुसरी बाई घेणार नाहीत, तुम्ही केलंत ते ठीक केलंत. आणि मला तर काय, घर कुठलंही चाललं असतं. पण वाफ्यावर पालथं पडून तुझ्यासारखं काम करणारं माणूस मला दुसरं भेटलं नव्हतं. तुझ्या हाताखालचं ते वर्ष, पोरी, माझं सगळ्यात चांगलं वर्ष. सकाळी फाटकातून येताना वाटायचं, बाग योग्य हातात आहे. म्हणून टोपीला हात लावायचो. तुला टोचायला नाही."

हेस्टर रुमाल शोधत राहिली. तो नेहमीसारखा कोटाच्या दुसऱ्याच खिशात होता.

"आता काय म्हणायचं होतं ते म्हणून टाक," वॉर्डल म्हणाले. "मॅरियन यायच्या आत."

आरशासमोरचं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं. "आभारी आहे, मिस्टर वॉर्डल," ती म्हणाली. "फार आभारी आहे."

म्हाताऱ्यानं या वेळी विषय बदलला नाही. ती बोलून थांबेपर्यंत त्यानं सगळं ऐकून घेतलं.