आमच्या गावचे आहेत

आत्या, आम्ही गाव सोडलं तेव्हा भरदुपार होती आणि अण्णा, तुझा भाऊ, माझ्या-मायसोबत एसटीत बसले नाहीत. तुला आठवत असेल, तूच मला गर्दीतून आत ढकललं होतंस. वस्तीची छपरं जळून दोन दिवस झाले होते, तरी माझ्या फ्रॉकला धुराचा वास येत होता आणि कंडक्टरनं नाक मुरडलं होतं. कारण काय, तर आपण वेशीपाशी निळा झेंडा लावला. आधी किराणा बंद, मग गिरणीत दळण बंद, मग आग. पेटवणारे अण्णांनी डोळ्यांनी बघितले होते, म्हणून ते साक्षीसाठी मागं राहिले. "निकाल लागला की येतो," म्हणाले. मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, दिवाळीपर्यंत येतील.

मायला भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगचं काम मिळालं. पण रूम कोण देणार? एकटी बाई, सोबत पोर. मीरा रोडला तेव्हा मिठागरं बुजवून बिल्डिंगी उठत होत्या. रिकाम्या रूमा ढीगभर होत्या, आणि प्रत्येक मालकाला आधी जात कळायला हवी होती. सरळ विचारत नाहीत गं इथं. "गावाकडं तुमचं काय असतं?" असं विचारतात. शांती नगरातल्या मालकाला माय म्हणाली, "शेती. आणि आमचे ते दुबईला असतात." आपलं आडनाव जाधव, कुठंही खपणारं. मालकानं पुढचं स्वतःच धरून घेतलं आणि मायनं त्याला धरू दिलं. त्या दिवसापासून निळ्या कोटातला फोटो ट्रंकेत साड्यांच्या घडीत गेला. मला ताकीद मिळाली, "इथून पुढं माय म्हणायचं न्हाई. आई म्हण." मी लगेच शिकले. लेकरं असल्या गोष्टी फार लवकर शिकतात.

दीड वर्षानं अण्णा आले. मी जिन्यात शेजारच्या कुलकर्णीकाकूंशी बोलत उभी होते. काकू वाईट नव्हत्या हो, उगाच कशाला खोटं सांगू; मला गणितं शिकवायच्या, दर चतुर्थीला मोदक द्यायच्या. गेटमधून एक माणूस आला. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, आणि हात वर करून म्हणाले, "जय भीम, बबे!"

काकूंनी वळून बघितलं. "कोण गं हे?"

आत्या, मला कुणी शिकवलं नव्हतं. मायनं असं म्हण म्हणून कधी सांगितलं नव्हतं. माझ्याच तोंडातून आलं, "आमच्या गावचे आहेत. शेतावर असतात कामाला."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग चपला बाजूला काढल्या, काकूंना हात जोडले आणि म्हणाले, "व्हय बाई. जाधवांच्या शेतावर व्हतो. आता काम न्हाई ऱ्हायलं."

आणि काकूंना त्यांची दया आली. आपल्या बिल्डिंगला वॉचमन हवाच आहे, म्हणाल्या, तुमच्या ओळखीचा माणूस म्हणजे काळजीच नको. संध्याकाळी माय कामावरून आली, तोवर सेक्रेटरीनं अण्णांना गेटजवळची केबिन दाखवलीसुद्धा होती.

मायनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. अण्णा घटकाभर पाणी प्यायच्या निमित्तानं वर आले, तेव्हा कळलं की केसमधून सगळे पेटवणारे सुटले. बाकीच्या साक्षीदारांनी आम्ही काही बघितलंच नाही म्हणून सांगितलं. त्यांचाही काय दोष, त्यांना तिथंच राहायचं होतं. माय म्हणाली, "आपण दुसरीकडं रूम बघू. खरं सांगून बघू." अण्णा म्हणाले, "झेंडा लावून खरं सांगितलं, तर घर जळालं. ऱ्हाऊ दे. पोरगी शिकंल. डोक्यावर छप्पर हाय." मी कोपऱ्यात पाढे लिहीत बसले होते. त्यांनी माझ्याकडं मान वळवली नाही.

तर आत्या, दर पत्रात तू विचारतेस, तुझा भाऊ मुंबईला कुठं नोकरीला आहे. आमच्याच दारात होता. तेरा वर्षं. मायला वहिनी म्हणायचा, मला ताई. पाणी दिवसाआड अर्धा तास यायचं, तेव्हा ते मजल्यामजल्यावर दारं वाजवत यायचे. "वहिनी, पाणी आलंय." नवरा-बायकोचं एवढंच बोलणं. दुपारी मी डबा द्यायला जायचे, तर वरून कुणी ना कुणी म्हणायचं, किती माया करता हो तुम्ही गड्यामाणसावर. त्या डब्यात माय भाकरीखाली ठेचा लपवायची. काकूंना वाटायचं, उरलंसुरलं देतात.

महिन्यातून एकदा आम्ही तिघं वेगवेगळे निघायचो आणि भाईंदरला जेसल पार्कच्या खाडीवर भेटायचो. तिथं मी अण्णा म्हणायचे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "हळू." चिखलात होड्या टेकलेल्या असायच्या, वास यायचा, आणि आम्ही घाईघाईनं जेवायचो. दहावीचा निकाल मी त्यांना तिथंच सांगितला. खरं तर त्यांना तो सकाळीच कळला होता. काकूंनी बिल्डिंगभर पेढे वाटले, एक वॉचमनच्याही हातावर ठेवला होता. ते "अभिनंदन ताई" म्हणाले होते. माझ्याच्यानं त्यांच्या पायाही पडवलं नाही.

मी नोकरीला लागले आणि पूनम सागरमध्ये एक जागा बघून आले. दारावर अण्णांच्या नावाची पाटी लावायची, हे ठरवूनच गेले होते. आधी आपली जात सांगायची, मग जागा मागायची. अण्णांना खाडीवर बोलले. ते म्हणाले, "मला आता जिना चढवत न्हाई, बबे. तळमजला बघ." तळमजला बघत होते तेवढ्यात ते गेले. मे महिन्यातली दुपार होती. केबिनमध्ये स्टुलावरून खाली पडले ते उठलेच नाहीत.

सोसायटीनं सगळं नीट केलं. खरंच नीट केलं, म्हणून तर कुणाशी भांडता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, बेवारशासारखं नको जायला, अग्नी मी देतो. चार पुरुषांनी खांदा दिला आणि "राम नाम सत्य है" म्हणत त्यांना गेटबाहेर काढलं. आपल्या अण्णांना, आत्या. एक वंदना नाही, एक मेणबत्ती नाही. मी ओरडायला हवं होतं की थांबा, तो माझा बाप आहे. आजही रोज ठरवते की ओरडायला हवं होतं. पण दहाव्या वर्षी लपवायला शिकलेलं तोंड पंचविशीतही उघडत नसतं. माय गॅलरीत उभी होती. काकू तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जुनं माणूस होतं हो तुमचं. गावाला कळवा." माय म्हणाली, "कळवते."

माय आजही कुंकू लावते. डोरलं गळ्यात आहे. काढणार कशी? नवरा दुबईला आहे ना तिचा. संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं, ओटी भरली, आणि विचारलं, "यंदा तरी येणार का हो तुमचे हे?" माय म्हणाली, "सुट्टी मिळत नाही म्हणतात." घरी येऊन तिनं ओटीतले तांदूळ निवडले आणि आम्ही त्याचाच भात खाल्ला.

मी म्हणते, चल, आता तरी जागा बदलू. ती म्हणते, "कशाला? ज्याच्या नावाची पाटी लावायची व्हती त्यो गेला." तू लिहितेस, वस्तीत आता पत्र्याची घरं झालीत, या एकदा घरी. आत्या, ज्या ठिकाणी आपल्या माणसाला नात्यानं रडता येतं तेवढंच घर, असं मला हल्ली वाटतं. ते आम्हाला इथं कधी झालं नाही, आणि अण्णांशिवाय तिथं यायला तोंड नाही.

ते गेल्याला पावणेदोन वर्षं झाली. कळवते म्हणून सांगितलं होतं, ते आज कळवतेय. हे पत्र तू कुणाकडून तरी वाचून घेशील. वाचणाऱ्याला सांग, दारात बसून मोठ्यानं वाच. सगळ्या वस्तीला ऐकू जाऊ दे, आणि मग त्यांचं नाव घेऊन तुम्ही रडा. आम्ही अजून रडलो नाही.