पुंजण्याच्या पोटातली गरमी

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात दिघोरीला आमच्या कापलेल्या धानावर अवकाळी पाऊस पडला. दोन दिवस ऊन दाखवून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भारे बांधून घेतले आणि खळ्यात पुंजणं रचलं. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा तो भाऱ्यांचा ढीग. मळणीयंत्राचा नंबर आठ दिवसांनी होता.

रचताना मीही भारे उचलून देत होते. गाठीपाशी हाताला ओल लागत होती, पण मी बोलले नाही. नवीन सून, त्यात माहेर वरठीचं, घरी शेती नाही. मी लाखांदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, एवढंच.

तिसऱ्या दिवसापासून मला चैन पडेना. शाळेतून आले की चपला न काढता खळ्यात जायचं, पुंजण्याला हात लावायचा. ते थंड असायचं. चौथ्या दिवशी आंबूस वास आला. नवरा म्हणाला, "तू काहून येवढ्या चकरा मारून राहिली?" मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगत होते की बर्फ तणसात, म्हणजे धानाच्या वाळल्या काडात, गुंडाळला तर लवकर वितळत नाही, कारण तणसात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. बोलता बोलता थांबले. आतलीही बाहेर जाऊ देत नसेल. ओला धान श्वास घेतो, तापतो. पुढचं गणित फळ्यावर चुकलं.

घरी येऊन मामाजींना सांगितलं. त्यांनी पुंजण्यावर तळवा ठेवला. "थंडगार आहे, बेटा."

"वरून थंडच राहील, मामाजी. आतली गरमी बाहेरच येऊन नाही राहिली. सब्बल खुपसून पाहू द्या."

 त्यांनी स्वतःच सब्बल, म्हणजे लांब लोखंडी पहार, आणली आणि पुंजण्याच्या मधोमध आत घातली. मामाजी, नवरा आणि मी तिथंच उभे राहिलो. सासूबाईंनी आणलेला चहा कुणी घेतला नाही. बऱ्याच वेळानं मामाजींनी सब्बल ओढली, आतल्या टोकाला हात लावला आणि झटकन काढला. मग नवऱ्याला म्हणाले, "सोड पुंजणं."

भारे उतरवायला शेजारचे दोघे मदतीला आले. मधले भारे निघाले तशी त्यातून वाफ उठली. दाणे तपकिरी पडले होते, काही काळे, काहींना कोंब फुटलेले. उरलेला धान आम्ही अंधार पडेपर्यंत पातळ पसरत होतो.

भारे उलटता उलटता मामाजींनी विचारलं, "रचतानीच ओल लागली होती काय तुले?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मंग बोलली काहून नाही?"

मी पुढचा भारा उलटायला घेतला. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मधला धान गेला, कडेचा वाचला. त्याचा भात पिवळट व्हायचा, थोडा वास यायचा. उन्हाळा लागेपर्यंत आम्ही तोच खाल्ला. मामाजी खाली मान घालून जेवायचे. ते पहिला घास गिळेपर्यंत माझा हात ताटात जायचा नाही.