फिरत्या पवनचक्कीला बंद म्हणणारे पाव्हणे

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण भर वाऱ्यात गरगर फिरणाऱ्या पवनचक्कीखाली उभं राहून "बंद हाय" असं सांगणारा माणूस एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. मी उत्रोलीचा. तांदळाची पोती पाठीवर वाहता वाहता तांदळाचा व्यापारी झालो. भोरच्या बाजारात माझ्याशी भाव करायला माणसं अजून बिचकतात. ती पवनचक्कीसुद्धा मी भांडूनच आणली होती. सत्तर सालच्या आसपास पुण्याच्या एका खात्याकडं वाऱ्यावर विहिरीचं पाणी ओढणाऱ्या मोजक्या चक्क्या आल्या होत्या. माझी सासुरवाडी मार्गासनीच्या वरच्या अंगाला, माळावरची वस्ती. तिथल्या बायका नदीवरून घागरी चढवायच्या. मी साहेबांच्या दारात बसून, ओरडून, प्रसंगी हात जोडून एक चक्की वस्तीच्या विहिरीवर उभी करून घेतली, आणि वर तिची देखभाल मेहुण्याला, म्हणजे आमच्या पाव्हण्यांना, मिळवून दिली. तिथंच माझा घात झाला.

पाव्हण्यांचं काम एवढंच, की चक्की किती दिवस धड होती ते महिन्याच्या महिन्याला खात्याला कळवायचं. दुसऱ्या कुणीही लांबून पाती बघून कार्ड टाकलं असतं. पाव्हणे रोज सकाळी मनोऱ्यावर चढायचे, वंगण द्यायचे, वारा नसला तर पाती हातानं ढकलायचे आणि धावत खाली येऊन नळीखाली ओंजळ धरायचे. ओंजळीत पाणी पडलं की चक्की चालू. मग दिवसभर पाती वटवाघळासारखी लोंबकळत राहिली तरी पाव्हण्यांच्या लेखी ती चालूच. रिकाम्या घागरी घेऊन आलेल्या बायका चिडवायच्या, "काय भाऊ, चालू हाय म्हनं तुमची चक्की? ही तर घोरतीया!" पाव्हणे शांतपणे म्हणायचे, "वारा आननं तिच्या हातात हाय व्हय? तिनं तयार ऱ्हायाचं. ती तयार हाय."

खात्याला हे पटेना. एका वैशाखात साहेब स्वतः आले. झाडाचं पान हलत नव्हतं आणि कार्डावर मात्र महिनाभर 'चालू'. साहेब तापले. पाव्हण्यांनी त्यांना टोपी काढून नळीखाली ओंजळ धरायला लावली, स्वतः वर चढून पाती ढकलली, आणि साहेबांच्या तळहातावर घोटभर पाणी पडलं. साहेब हसले आणि ते पाणी प्याले. त्या दिवसापासून पाव्हण्यांचा शब्द खात्यात चालू लागला, आणि पाव्हण्यांना तर सगळं जग त्याच मापानं दिसू लागलं. थांब्यावर येश्टी उभी असली की ते आधी डायवर कुठंय ते बघायचे आणि मगच "गाडी हाय" म्हणायचे. एकदा मी तापानं फणफणलो होतो. बायको रडायला लागली, तर हे माझी नाडी धरून तिला सांगतात, "रडतीस कशाला? दाजी बिघडल्यालं न्हाईत, निस्ता वारा पडलाय." त्या तापातही मला त्यांच्या अंगावर तांब्या फेकावासा वाटला.

मग खात्यानं ठरवलं, की ज्या चक्क्या पाहणीच्या दिवशी बंद सापडतील त्या उचलून पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत न्यायच्या. आमच्या पाहणीच्या दिवशी असा वारा सुटला, की साहेबांचे कागद उडत होते. पाती दिसत नव्हती, नुसती चकती दिसत होती. मी नारळ आणला होता, हार आणला होता. साहेबांनी पेन उघडून सहज विचारलं, "मग, चालू ना?"

"न्हाई साहेब, बंद हाय."

मी नारळासकट त्यांच्याकडं वळलो. "पाव्हणं, डोळं फुटलं काय? वर बघा की!"

"वर पाती फिरत्यात, दाजी. खाली पंपातली पानी वढायची कातडी रातीच फाटलीया. ओंजळ धरा, थेंब पडायचा न्हाई."

कातडी ती केवढी, भाकरीच्या तुकड्याएवढी! जुनी विरत चालली म्हणून खात्याकडं आधीच मागितलेली आली नव्हती आणि त्या सकाळी गावच्या चांभारानं घाईनं करून दिलेली बसत नव्हती. मी माझ्या धंद्याला जागलो. "साहेब, अर्धी चालू लिहा," म्हणालो. साहेबांनाही ते पटत आलं होतं. पण पाव्हणे हलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाजी, वारा नसताना म्या चालू म्हनलो, ते त्यांनी मानलं. आता वाऱ्यात खोटं बोललो, तर मागलं समदंच खोटं पडंल."

साहेबांनी खाली मान घालून 'बंद' लिहिलं. पाव्हण्यांची बायको, आमच्या वहिनी, घराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता घागर तुमीच उचला."

ट्रक येऊन चक्की घेऊन गेला, आणि पाव्हण्यांनी खरंच घागर उचलली. त्यांचे गुडघे चालत होते तोवर घरचं पाणी त्यांनी नदीवरून आणलं. वाटेत म्हाताऱ्या बायका त्यांना हसायच्या आणि मग स्वतःचीही एखादी कळशी त्यांच्या हातात द्यायच्या. ते तीही आणायचे. मी टेम्पो थांबवून त्यांना तोंडावर बोलायचो, "एका शब्दापायी वस्तीचं पाणी घालवलंत!" ते घागर खाली ठेवायचे, माझं सगळं ऐकून घ्यायचे, आणि म्हणायचे, "चिडा, दाजी. तुमचं बराबर हाय." या उत्तराशी घासाघीस कशी करायची ते मला कधीच कळलं नाही.

आता वस्तीवर नळ आहे आणि पाव्हणे नाहीत. माळावर गेलो की वहिनी चहा देतात, बायको भावाच्या गोष्टी काढते आणि मी विहिरीच्या काठावर जाऊन बसतो. माझा राग गेलेला नाही. या भांडणात मला मागाहून सुचलेले पुष्कळ मुद्दे आहेत, एकेक असा, की पाव्हण्यांना जागच्या जागी गप्प केलं असतं. ते ऐकून घ्यायला त्यांनी निदान एकदा यावं, खाली बसावं, आणि मी थकेपर्यंत उठू नये.