कुंकवाखालचा नंबर

आमची एसटी हिंगणीहून सुटली तेव्हा बोर धरणाच्या बाजूचं जंगल अजून धुक्यात होतं. माझ्या लॅपटॉपची पिशवी आईने मांडीवर घट्ट धरली होती. बॅटरी बदलून वर्षही झालं नव्हतं, आणि ती पाच मिनिटांत मान टाकत होती. सोमवारी पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. मध्येच पडदा काळा झाला असता, तर दुसरी संधी मिळणार नव्हती.

सेलूपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. अशाच शेतांतली वेचणी करून आईने मला शिकवलं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली.

वर्ध्याला उतरून तर्री पोहे (वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले) खाल्ले. आईने रस्सा पुन्हा मागितला. म्हणाली, "दुकानदाराशी बोलाले ताकद लागते."

बॅटरी जिथून घेतली होती, त्या दुकानदाराने ती उलटी केली आणि तो थांबला. सिरियल नंबरच्या स्टिकरवर हळदकुंकवाचा जाड थर होता. दसऱ्याला विळ्या-खुरप्यांसोबत आईने लॅपटॉपचीही पूजा केली होती. "याचा सारा जीव या बॅटरीत आहे," असं मीच तिला सांगितलं होतं. तिने नेमकं तिथेच कुंकू लावलं.

"नंबर दिसून नाई राह्यला, ताई. वॉरंटी गेली. नवीन घ्या."

"बिल आणलंय. त्यावर नंबर आहे."

"पण तो हिचाच कशावरून?"

आईची मान खाली गेली. ते मला बघवेना. मी म्हणाले, "मग नाही म्हणताय ते लिहून द्या. मी ग्राहक आयोगात दाखवते."

"लिहून काऊन देऊ?"

"तोंडानं म्हणता, तं कागदावर काऊन नाई?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

तेवढ्यात आईने मान वर केली. "दादा, तुमच्या प्रिंटरलेही कुंकू हायेच न?"

बाकावरचं गिऱ्हाईक खो-खो हसलं. दुकानदारही ओशाळला. "हाये माय, पण आमी नंबर नाई बुजवत!"

त्याने ओल्या कापसाने स्टिकर हळूहळू पुसलं. कुंकवासोबत आकडेही निघाले तर? मी काउंटरवर वाकून पाहत होते. शेवटचे आकडे दिसले. त्याने बिलाशी ताडून पाहिले.

"जुळले. बदलून देतो."

परतीच्या गाडीत विचार करत होते. ग्राहकाचे हक्क मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मागितले आज पहिल्यांदा. आईची मान खाली गेली नसती, तर मी मुकाट्याने नवीन बॅटरी विकत घेऊन आले असते.

घरी पोचलो तर वीज गेलेली. लॅपटॉप सुरू केला, खोलीत उजेड पडला. आई देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि बोट उचलून थबकली.

"कुठं लावू, सांग."

मी झाकणाचा कोपरा दाखवला.