एक इंग्रजी खोडा

नात दहावी झाली आणि अकरावीचा फॉर्म भरायची वेळ आली. तिचे आईबाप पुण्याला कामाला, पोरगी आमच्याकडं वाढलेली. तिच्या शाळेचं सगळं बायकोच बघायची. ती गेली त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. म्हणून पिंगळीहून परभणीला फॉर्म द्यायला मीच गेलो.

माझी शाळा चौथीपर्यंत. कॉलेजच्या खिडकीपाशी फॉर्म वाचला तर विषयांत इंग्रजी दोनदा. एकापुढं 'साहित्य' असं जोडलेलं. मला वाटलं, पोरगी चुकली. खिडकीतल्या बाबूला म्हटलं, "साहेब, एकच विषय दोनदा लिव्हला हिनं. एक खोडा." त्यानं साहित्य खोडून दुसराच विषय टाकला. मी दस्तखत करून मोकळा.

घरी सांगितलं तर पोरगी ओरडलीच. "आबा, ते येगळे विषय हायत!"

"येगळं काय? इंग्रजीच ना?"

"एकात अर्ज लिव्हायला शिकवतेत. आजी वारली, चार दिवस रजा द्या. दुसऱ्यात चार दिवसांनी घरात काय व्हतंय, ते असतंय."

मग ती बोलायचीच बंद झाली. शेळ्यांशी बोलायची, माझ्याशी नाही. दोन माणसांचं घर, त्यात हे.

तिचं म्हणणं मला लागलं होतं. तेराव्यापर्यंत लोक येतात. पुढचं कुणी विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बाबू म्हणाला, "बाबा, तुमीच खोडायला लावलं. आता तारीख गेली." मी बाकावर बसलो. दुपारी त्या साहित्य विषयाच्या मॅडम आल्या. सगळं ऐकून हसल्या. "प्राचार्यांच्या नावानं अर्ज द्या."

"तुमीच लिव्हा की, बाई."

"चूक तुमची, तर अर्जही तुमचाच."

तीन ओळींना तास गेला. पोरीला न विचारता विषय खोडला. चूक माझी, तिची नाही. तिचा विषय तिला द्यावा. प्राचार्यांनी वाचलं, सही केली.

घरी येऊन टेकलो आणि सांगितलं. पोरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आता माझ्या कागदाला हात लावताल का?"

"न्हाई लावत, माय."

"चहा टाकू?"

"टाक."