राखेत सापडलेली अंगठी

परवा सुनेने कुंड्यांत राख घातली, वर पाणी शिंपडलं, आणि त्या ओल्या राखेच्या वासाबरोबर मला शेजारच्या फिलूमावशीची अंगठी आठवली.

मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच निर्मळला आले होते. आमच्याकडे भांडी राखेने घासायची आणि ती राख केळीच्या बुंध्याशी टाकायची. मावशीची लग्नातली अंगठी हरवली तेव्हा मात्र राखेकडे कोणी बघितलं नाही. वाडीत कामाला येणाऱ्या लक्ष्मीला मावशीने सगळ्यांदेखत लुगडं झटकायला लावलं. लक्ष्मी गेली ती परत आलीच नाही.

पुढे मावशीच्या वाडीत केळीचे मुनवे, बुंध्याशी फुटलेले कोंब, खणताना तिथल्या राखेत माझ्या हाताला अंगठी लागली. मी धावतच गेले. मावशीने ती पदराने पुसली, ओठांना लावली, आणि एकदम खालीच बसली.

"लक्ष्मीला सांगायला हवं ना, मावशी?"

"तूच जा गो. मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी हौसेने लक्ष्मीच्या गावी, गोखिवऱ्याला गेले. वाटलं, लक्ष्मी हसेल, रडेल, मला जवळ घेईल. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लुगडं सगल्यांदेखत झटकलं माजं," ती म्हणाली, "आन् आता हे माज्या एकटीच्या कानात सांगतेस?"

मग उठून तिने मला तांब्याभर पाणी दिलं. तेव्हा मला तिचा रागच आला, एवढ्या उन्हातून आले तरी गोड बोलली नाही म्हणून. आता वाटतं, तिने पाणी तरी कसं दिलं असेल?