मास्तरांची तेहतीस इंची चाकं

चाळीस वर्षं माणसांची मापं घेतलेल्या शिंप्यानं साठीला टेकताना एका पिकअप गाडीची मापं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला. दुकानात टेबलावर अर्धवट कापलेला कोट पडलेला आणि मास्तर रस्त्यावर, गाडीच्या पोटाखाली उताणे, गळ्यात टेप.

"अहो, तिला पँट शिवताय की काय?" तिनं दारातून विचारलं.

"पँट नाही गं, बूट!" मास्तर खालून ओरडले. आवाजात इतका हुरूप होता की तिनं पुढचा टोमणा गिळला आणि आत जाऊन कोटाच्या अस्तराला हात घातला.

मास्तरांना गाड्यांचं वेड नव्हतं. ध्यास होता तो ताईला खाली आणायचा. ताई म्हणजे थोरली बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. टेप कसा धरायचा हे त्यांना तिनंच शिकवलं, आणि चणीनं लहान म्हणून 'बटण' हे नावही तिनंच ठेवलं. अजून ती त्याच नावानं हाक मारते. तिचा नवरा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होता. तो गेला तरी ती वरच्या घरातून हलली नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी खुर्चीत बसवून तिला दवाखान्यात आणलं आणि तसंच परत वर नेलं. वाटेत एकजण म्हणाला, "हळू रे, माल नाजूक आहे." तो गमतीनंच म्हणाला, पण ते ताईच्या जिव्हारी लागलं.

"मी माल नाही," तिनं वर पोचल्यावर सांगून टाकलं. "आता मला कुणी उचलायचं नाही. ताठ बसून येता आलं तर येईन, नाहीतर इथेच बरी आहे."

शेजारीण तिच्या सोबतीला होती. मास्तर आठवड्यातून दोनदा चालत वर जायचे आणि दरवेळी तेच उत्तर घेऊन उतरायचे. ताई हट्टी आहे असं सगळे म्हणत. मास्तर तसं कधी म्हणाले नाहीत, कारण हट्टात ते तिच्याच हाताखाली तयार झाले होते.

वर जायला वाट होती, पण एका वळणावर चाकोरीच्या मधोमध खडक वर आलेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला चर. बगल द्यायला जागा नाही. म्हणून मास्तरांनी एका वीटभट्टीवाल्याकडून ही पंचवीस वर्षांची पिकअप घेतली. आधीच्या मालकानं तिला चांगली चार इंच उचलून घेतलेली. रस्त्यावर उभी राहिली की बाकीच्या गाड्या तिच्यापुढे बसल्यासारख्या वाटत. मास्तर मोठ्या ऐटीत वर निघाले आणि त्या खडकावर धाडकन अडकले. मागच्या धुऱ्याच्या मधला लोखंडी गोळा खडकावर बसला होता. त्यांना मागे ओढून काढायला ट्रॅक्टर आणावा लागला.

"पण गाडी तर उंच आहे ना?" त्यांनी मेकॅनिकला विचारलं.

"मास्तर, उंच झालंय ते वरचं अंग," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "धुरा चाकाच्या मध्यावर असतो. गाडी कितीही उचला, तो आहे तिथेच. त्याला फक्त टायर उचलतो, आणि तोही निम्म्यानं. टायर दोन इंच मोठा केला, तर गोळा एक इंच वर."

मास्तरांचे डोळे चमकले. "म्हणजे सदरा वर खोचला म्हणून माणूस उंच होत नाही!"

"तसंच समजा."

आता हिशेब मापांचा होता आणि मापं म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. ते टेप घेऊन चालत खडकापर्यंत गेले. खडक साडेनऊ इंच. गोळा जमिनीपासून आठ इंच. टायर एकोणतीस इंची. तो तेहतीसचा केला तर गोळा दहावर जाणार, म्हणजे खडकावर अर्धा इंच सुटणार. अर्ध्या इंचाची किंमत शिंप्याहून जास्त कुणाला ठाऊक! मास्तर टेकडी उतरले ते जवळजवळ धावतच.

टायरवाल्याकडे तेहतीस इंची टायर होते, पण तो भलतंच दाखवू लागला. साडेबारा इंच रुंद, सोबत नव्या रुंद रिम, चाकं गाडीच्या अंगाबाहेर ढळढळीत आलेली. "हे बसवा, लोक वळून बघतील," तो म्हणाला.

"लोकांनी बघून मला काय करायचंय? नाकापेक्षा मोती जड होईल. जुन्याच रिमवर बसणारा, उंच पण सडपातळ द्या."

"साडेदहा रुंद आहे एक. पण मास्तर, या धिप्पाड गाडीला तो शोभणार नाही."

"आधी ट्रायल," मास्तर म्हणाले.

ही ट्रायल बघायला निम्मा रस्ता जमला. मास्तरांनी पुठ्ठ्याच्या तेहतीस इंची चकत्या कापल्या, दोन चकत्यांमध्ये गादीचा फोम भरला आणि एक जाड, एक बारीक अशी दोन खोटी चाकं शिवली. हो, शिवलीच, दाभणानं. मेकॅनिकनं पुढचं चाक काढून जाडं खोटं चाक लावलं आणि म्हणाला, "बसलं की! मागवा."

"थांबा. हात खाली सोडलेल्या माणसाला कुठलीही बाही बसते. आता हात वर करायला लावा."

मेकॅनिकला कळेना. मास्तरांनी धुऱ्याचं ते टोक जॅकनं वर चढवलं, चाक खडकावर चढल्यासारखं, आणि स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. जाड्या चाकाचा बाहेरचा कोपरा मडगार्डला घासला आणि फोम टरकन फाटला. मग बारीक चाक लावलं. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. सगळीकडे दोन बोटं जागा. मास्तरांनी रस्त्यावरच टाळी वाजवली. मेकॅनिक इतका खूश झाला की त्यानं ती खोटी चाकं गॅरेजच्या भिंतीवर टांगायला मागून घेतली.

टायर बसले त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत, मास्तर वर निघाले. दुधानं तोंड पोळलेलं, त्यामुळे खडकापाशी ते गोगलगायीच्या गतीनं चालले होते. पुढची चाकं दोन्ही बाजूंनी गेली. मागची गेली. कान देऊन ऐकलं, काही वाजलं नाही. मास्तर एकटेच गाडीत "गेली! गेली!" म्हणून ओरडले, आणि हॉर्न दाबतच ताईच्या अंगणात शिरले.

ताई काठी टेकत ओट्यावर आली. नवं लुगडं नेसून ती सकाळपासून तयार होती, असं शेजारणीनं हळूच सांगितलं. मास्तरांनी दार उघडलं आणि बस म्हणायला वळले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं. गाडीत पाय ठेवायची जागा त्यांच्या मांडीशी आली होती. ताईचा पाय वीतभरसुद्धा उचलत नव्हता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. खडकाचं माप घेतलं, धुऱ्याचं घेतलं, मडगार्डचं घेतलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप, त्या गिऱ्हाईकाचंच माप घ्यायचं राहून गेलं. मास्तरांचा चेहरा पडला.

"ताई, एकदाच," ते चाचरत म्हणाले. "मी आणि शेजारीण, दोघं मिळून हलकेच..."

"नाही." ताईनं गाडीकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं. तिच्या डोळ्यात ते जुनं, कापड जोखणारं तेज आलं. "बटण, गाडी अंगणात कशाला लावलीस? ओट्याला लाव. दार माझ्याकडे."

घर उतारावरचं, त्यामुळे त्या बाजूनं ओटा चांगला गुडघ्याच्या वर येईल एवढा उंच होता. मास्तरांनी गाडी पुढे-मागे करत भिंतीला भिडवली. ताई वरून "अजून, अजून, बस!" म्हणत होती. दार उघडलं ते ओट्याच्या फरशीवरून बोटभर अंतर ठेवून सरकलं. जुने टायर असते तर तिथेच आपटलं असतं. ओट्यावरून गाडीत चढायला चार इंचांची पायरी उरली. ताईनं काठी आत टाकली, दांडा धरला, चांगला पाय आधी, दुखरा मागून, आणि ती बसली. कुणी हात लावला नाही. सीटवर मागे टेकून तिनं पदर सारखा केला.

"माप जमलंय," ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिनं मास्तरांना हे तीनदासुद्धा म्हटलं नसेल. मास्तरांना समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. "डोळे पूस आधी, मग गाडी चालव," ताई म्हणाली.

खाली येईपर्यंत मास्तर हवेतच होते. दुकानासमोर गाडी थांबली, बायको धावत आली, मेकॅनिक आला, आजूबाजूचे दुकानदार आले. आणि तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. इथे ओटा कुठला? चढवायचं निभावलं, पण उतरवायचं काय? सगळे खाली उभे, ताई वर.

"ताई, जरा थांब हं," ते घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले. "उतरायचं काहीतरी बघतो."

"उतरायचंय कुणाला?" ताईनं खिडकीची काच पूर्ण खाली केली. "दोन वर्षं वरून नुसती छपरं बघत बसले. आता माणसं दाखव. बाजारातून घे, आणि हळू चालव."

"आणि बाजार संपला की?"

"मग परत त्याच बाजारातून फिरव," ताई म्हणाली.